रुपयाएवढ्या दोन जागा

"नाना, परत बसला तो," शकुबाईनं टोमॅटो निवडायच्या पट्ट्यावरून हाक दिली.

पट्टा थांबला होता. दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या सोळा बायकांचे हात हवेत राहिले, धुण्याच्या हौदातली खळखळ थांबली, आणि खंडेराव अहिरे अर्धा चहा तसाच ठेवून तीन नंबरच्या पॅनलकडे निघाले. धावले मात्र नाहीत. मीटर खिशात, पान्हा कमरेला, चाल तीच. कारखाना बंद पडला म्हणून वायरमननं पळायचं ठरवलं, तर शहाण्यासारखा विचार कोणी करायचा, असं त्यांचं म्हणणं होतं.

पॅनलच्या आतल्या मॉड्यूलवर तांबडा दिवा लागला होता. त्या दिवसातली ही चौथी वेळ.

"मी सांगते, त्याच्या अंगात आलंय," शकुबाई म्हणाली. "दसऱ्यापासनं सुरू हाय हे. मी तर त्या कपाटाला आता हात नाय लावणार बाई."

बायका खो खो हसल्या. खंडेरावही हसले. हसले नसते, तर पुढचे चार दिवस वाचले असते. पण ते नंतर.

दिंडोरी रस्त्यावरचा हा टोमॅटोचा कारखाना. पिकअप भरभरून कॅरेट यायचे. टोमॅटो धुऊन, निवडून, दळून, आटवून त्याचा गर पिंपांत भरून जायचा. या सगळ्या यंत्रांना हुकूम सोडणारा मेंदू ऑफिसशेजारच्या काचेच्या खोलीत होता आणि हुकूम पाळणारी तीन पॅनलं शेडमध्ये तीन ठिकाणी. मधे एक जांभळी केबल. मेंदू सेकंदाला शंभर वेळा केबलमधून विचारणार, "आहेस का?" आणि पॅनलातलं मॉड्यूल म्हणणार, "आहे." एवढ्यावर कारखान्याचा संसार चालायचा. चार-पाच वेळा विचारूनही "आहे" आलं नाही, की पोरगी कॉलेजातून वेळेवर आली नाही म्हणून आई गल्ली डोक्यावर घेते, तसा मेंदू सगळं बंद करून मोकळा व्हायचा. पडद्यावर दोन शब्द उमटायचे, कम्युनिकेशन फॉल्ट.

ती केबल चौऱ्याण्णव साली खंडेरावांनी स्वतःच्या हातानं टाकली होती. तीनशे चाळीस मीटर. मोटारींच्या वायरींपासून हातभर लांब, कुठे कोपरा काढायचा तिथं हळुवार वळण, आणि दर दोन फुटांवर क्लिप. एक क्लिप वाकडी दाखवा, असं ते नव्या माणसाला सांगायचे. दहा वर्षांत त्या केबलनं एकदाही दगा दिला नव्हता. आणि आता दोन हजार चारचा ऑक्टोबर संपत आला होता, येत्या शनिवारी खंडेराव रिटायर होणार होते, आणि नेमका तेव्हाच केबलनं तोंड फिरवलं होतं.

भिंतीवरचा इंटरकॉम वाजला. पलीकडे काचेच्या खोलीत स्नेहा गांगुर्डे होती, कंट्रोलची इंजिनिअर. वय पंचवीस, नोकरी दोन वर्षांची, आणि चष्म्याआडचे डोळे सतत काहीतरी मोजत असलेले.

"नाना, आहात का?"

"आहे."

"मी रीसेट करते. दिवा बघा."

तांबडा गेला, हिरवा आला. पट्टा हलला, बायकांचे हात चालू झाले. गेटबाहेर उभ्या असलेल्या पिकअपवाल्यांनी हॉर्न थांबवले. टोमॅटोला कसली आलीय सबुरी? दुपारपर्यंत ऊन खाल्लं की खालचा थर गळायला लागतो.

स्नेहाची कामाची रीत ठरलेली होती. बिघाड आला, की पहिला प्रश्न, काय बदललं? खंडेनवमी आणि दसरा अशी जोडून सुट्टी होती. तिनं बुधवारचीही रजा टाकली होती. दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिन, म्हणून घरच्यांबरोबर पांडवलेण्यांच्या पायथ्याच्या विहारात गेली होती. शनिवारी कामावर येते तो तांबडा दिवा. तिनं एक कागद घेतला, वर लिहिलं, "२० ते २२ ऑक्टोबर, काय बदललं?" आणि कारखानाभर विचारत फिरली. फिटर म्हणाले काही नाही. ऑपरेटर म्हणाले काही नाही. शेवटी ती खंडेरावांकडे आली.

"काही नाही हो मॅडम," खंडेराव म्हणाले. "कारखाना बंद होता. साफसफाई झाली, पूजा झाली, पेढे खाल्ले. तुमचे दोन ठेवलेत कपाटात."

तिनं पेढे खाल्ले आणि कागदावर लिहिलं, "काहीच नाही – नाना." तो कागद तिनं तीन नंबरच्या पॅनलच्या दारावर चिकटवला. नानांनी सांगितलं म्हणजे प्रश्न मिटला.

मग दोघांनी कंबर कसली. खरं सांगायचं, तर कारखाना गळ्याशी आलेला असताना या दोघांना मजा येत होती. मॉड्यूल बदलून पाहिलं. केबलच्या टोकांचे कनेक्टर उघडून नव्यानं लावले. केबलमधली एकेक तार मीटरनं तपासली. तीनशे चाळीस मीटर, आणि काटा एक केसभर हलला नाही. खंडेराव दर खेपेला विजयी मुद्रेनं तिच्याकडे बघायचे.

"बघा. पोरगी निर्दोष."

"मग दोषी कोण, नाना?"

"ते तुम्ही शोधायचं. शिकलेलं माणूस कशाला ठेवलंय कंपनीनं?"

"आणि तुम्ही काय करणार?"

"मी पेढे देणार."

शिफ्टच्या फिटरनं एक लिंबू आणि सात मिरच्या पॅनलच्या कडीला बांधल्या. स्नेहानं त्या काढल्या नाहीत. "यानं सिग्नलला त्रास होत नाही," एवढंच म्हणाली आणि मिरच्यांखालून स्क्रू फिरवत राहिली.

गुरुवारी मात्र मजा संपली. प्लांट मॅनेजर दाणी साहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता. पण सहा दिवस शेतकऱ्यांच्या शिव्या खाल्लेला माणूस किती चांगला राहणार?

"शनिवारी पुण्याहून तज्ज्ञ येतायत," ते म्हणाले. "फोनवर सगळं सांगितलंय त्यांना. त्यांचं मत पडलं, केबल जुनी झाली. सोमवारपासून ती सगळी उपटून नवीन टाकायची. चार दिवस प्लांट बंद राहील, राहू दे."

"साहेब, केबल चांगली आहे," खंडेराव म्हणाले.

"नाना, दहा वर्षं झाली तिला. तुम्ही तरी किती दिवस तिची बाजू घेणार? परवा तुमचा सत्कार आहे, आनंदात घरी जा."

आनंदात घरी जा! खंडेराव घरी गेले, पण ताटावर बसून भाकरीचा तुकडा नुसता फिरवत राहिले. चंद्रभागाबाईंनी दोनदा आमटी पुढं केली. तीस वर्षं नाशकात काढूनही घरात दोघांची बोली सटाण्याकडचीच होती.

"काय व्हयनं? जेवतस का नही?"

खंडेरावांनी सांगितलं. सोमवारी केबल उपटणार. आपण शनिवारी हार घालून घ्यायचा आणि सोमवारी पोरं ती ओढून काढून भंगारात फेकणार. सगळा कारखाना म्हणणार, नानांची वायर कुजकी निघाली.

"ती केबल शे का पोरगी शे?" चंद्रभागाबाई म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून हसल्या. मग नवऱ्याचं तोंड बघून हसू आवरलं. "हाई देखा, अजून दोन दिन शेतस. जेवा आनि शोधा."

खंडेराव जेवले. बाईचं म्हणणं हिशेबानं बरोबर होतं.

शुक्रवारी स्नेहानं एक तक्ता मांडला. सहा दिवसांत सत्तावीस वेळा प्लांट बंद पडला होता, आणि सत्तावीसही वेळा त्याच क्षणी आटवणीचा मोठा पंप सुरू झाला होता. गंमत अशी की पंप सुरू झाला की दर वेळी बिघाड येई असं नाही. पाचात दोनदा यायचा, तीनदा नाही.

"मोठी मोटर उठते तेव्हा भोवती विजेचा गोंगाट होतो," ती म्हणाली. "तो केबलमध्ये शिरतोय, नाना. म्हणून पॅनलचं 'आहे' ऐकू येत नाही. पण तो शिरू नये म्हणून तर केबलवर तारेची जाळी आहे. ती गोंगाट पकडून जमिनीत सोडणार. अर्थिंग बघितलंत?"

"पहिल्या दिवशी बघितलं. दोन्ही बोल्ट कडक. मीटर बरोबर. हवं तर परत बघा."

तिनं परत बघितलं. खालच्या बोल्टला जमिनीतून आलेली अर्थिंगची पट्टी, वरच्या बोल्टला केबलची जाळी, मधे कपाटाचा लोखंडी पत्रा दोघांना जोडणारा. बोल्ट घट्ट. सगळं चकाचक, नवरीसारखं. तिनं मान हलवली आणि दार लावलं.

शनिवार उजाडला. अकरा वाजता पुण्याचे तज्ज्ञ आले आणि सगळी साहेबमंडळी काचेच्या खोलीत चहाला बसली. प्लांट थांबवूनच ठेवला होता. बायका पट्ट्याशी बसून झेंडूचे हार ओवत होत्या. खंडेराव तीन नंबरपाशी उगाच उभे होते.

शकुबाई एक हार घेऊन आली आणि चार हात लांब थांबली.

"नाना, हा तुमच्या कपाटाला. शेवटचा दिवस तुमचा, त्याला पण घालायला पायजे. पण तुम्हीच घाला."

"का गं? दसऱ्याला तर तूच घातला होतास."

"घातला होता. गेल्या शनिवारी सकाळी तो वाळका हार काढाया गेले, तर कोपरापर्यंत मुंग्या आल्या. पाय ओले होते माझे. म्हणून तर सगळ्यांना सांगितलं, त्याच्या अंगात आलंय. तुम्ही सगळे हसला."

खंडेरावांच्या तोंडचं पाणी पळालं.

कपाटाच्या पत्र्याला हात लावून मुंग्या येतात, म्हणजे पत्रा जमिनीला जोडलेला नाही. पत्रा जोडलेला नाही, म्हणजे जाळी जोडलेली नाही. बोल्ट कडक आहेत. पट्टी चांगली आहे. मग बोल्ट आणि पत्रा यांच्यामध्ये काय आहे?

काय आहे ते त्यांना ठाऊक होतं. सगळ्या जगात एकट्या त्यांनाच ठाऊक होतं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दरवर्षी यंत्रं धुऊन पुसून पॅनलांना बाहेरून रंगाचा हात मारायची पद्धत होती. यंदा ही आपली शेवटची पूजा म्हणून खंडेरावांना उमाळा आला. तीन नंबर त्यांचं लाडकं. डब्यात करडा ऑइल पेंट उरला होता. त्यांनी मॉड्यूलवर कागद झाकले आणि आतला पत्राही रंगवला. बोल्टाभोवती ब्रश नीट फिरेना. ओबडधोबड काम त्यांना आयुष्यात खपलं नव्हतं. दोन्ही बोल्ट काढले, खालची जागा पुढून-मागून झकास रंगवली, रंग वाळल्यावर बोल्ट परत आवळले. लांबून उभं राहून डोळे भरून बघितलं होतं. बोल्टाखाली रंगाची साय राहिली होती, आणि मोटर हादरली की बोल्ट पत्र्याला कधी टेकायचा, कधी नाही; मीटर लावला तेव्हा नेमका टेकलेला.

दुसऱ्या कोणी असं केलं असतं, तर खंडेरावांनी त्याला उभा सोलला असता.

त्यांनी आजूबाजूला बघितलं. शकुबाई हार पिंपावर ठेवून गेली होती. साहेब चहात होते. पॅनलची मेन बंद करायची, दोन बोल्ट सोडायचे, पॉलिश पेपरनं रंग घासायचा, आवळून टाकायचं. दहा मिनिटांचं काम. मग बिघाड आपोआप गेला म्हणायचं. केबलही वाचली, नावही वाचलं, आणि चार वाजता सत्कार. खंडेरावांनी मेन बंद केली आणि पान्हा हातात घेतला.

दार उघडताना तो कागद नाकासमोर आला. "काय बदललं?" आणि खाली तिच्या नेटक्या अक्षरात, "काहीच नाही – नाना."

सात दिवस ती पोरगी या ओळीवर भरवसा ठेवून भलतीकडे शोधत होती. आज बोल्ट घासून गप्प बसलो, तर तिच्या डोक्यात हा प्रश्न जन्मभर तसाच राहणार, आणि पुढच्या वर्षी आणखी कोणीतरी उमाळ्यानं ब्रश घेऊन येणार. खंडेरावांना स्वतःची विलक्षण लाज वाटली. त्यांनी पान्हा कमरेला लावला, कागद सोडवून घेतला आणि काचेच्या खोलीकडे निघाले. या वेळी मात्र ते जवळजवळ धावलेच.

आत तज्ज्ञ बोलत होते. खंडेराव दारातच उभे राहिले. प्रमाण भाषा कुठल्या कुठे पळाली.

"साहेब, चूक मन्ही शे," ते म्हणाले.

 मग खंडेरावांनी सगळं सांगितलं. रंग, बोल्ट, मुंग्या, काही हातचं राखलं नाही. शेवटी कागद स्नेहापुढे धरला. "मॅडम, हे खोटं लिहिलंय तुम्ही. म्हणजे मी सांगितलं. बदललं होतं. पण रंग देणं म्हणजे काही बदलणं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही हो. दरवर्षीची पूजा ती."

दाणी साहेबांचा चेहरा आधी लाल झाला. आता फुटणार असं वाटत असतानाच ते मोठ्यानं हसायला लागले, इतके की चहा बशीत सांडला. "सात दिवस," ते म्हणाले. "सात दिवस मी शेतकऱ्यांना सांगतोय, कॉम्प्युटर बिघडलाय. आणि निघाला काय, तर ऑइल पेंट."

तज्ज्ञांनी चष्मा पुसला. "मी एका साखर कारखान्यात हेच केलं होतं," ते हळूच म्हणाले. "आणि कोणाला सांगितलं नव्हतं." त्यांनी पिशवीतला केबलचा कॅटलॉग परत आत घातला.

 स्नेहाचे डोळे चमकत होते. तिनं पेन काढलं, "काहीच नाही" वर काट मारली आणि लिहिलं, "रंग दिला. शोधलं – शकुबाई, नाना."

मग अख्खी मिरवणूक तीन नंबरला गेली. खंडेरावांनी बोल्ट सोडले आणि पत्र्यावर रुपयाएवढ्या दोन जागा पुढून-मागून घासून लख्ख केल्या. गंजू नये म्हणून वरून व्हॅसलिनचं बोट फिरवलं आणि बोल्ट आवळले. मीटर पत्र्याला लावला. काटा बरोबर. मेन चालू केली. तरी शकुबाईनं हात लावून खात्री केल्याशिवाय कोणी मानलं नाही. तिनं डोळे मिटून एक बोट टेकवलं, मग अख्खा तळहात ठेवला.

"उतरलं त्याच्या अंगातलं," तिनं जाहीर केलं.

स्नेहा काचेच्या खोलीत धावली. इंटरकॉम वाजला.

"नाना, आहात का?"

"आहे."

मोठा पंप उठला. जमीन थरथरली. दिवा हिरवाच. बंद केला, परत उठवला. वीस वेळा उठवला. हिरवा तो हिरवाच. विसाव्या वेळी बायकांनी टाळ्या पिटल्या आणि गेटबाहेरच्या पिकअपवाल्यांनी काय झालं ते न कळताही हॉर्न वाजवून दिले. खंडेरावांचा जीव भांड्यात पडला. केबल जागच्या जागी राहिली, एकूण एक क्लिपसकट.

चार वाजता सत्कार झाला. निवडणाऱ्या बायकांनी नानांसाठी वेगळा हार केला होता, झेंडूत मधे मधे टोमॅटो ओवलेला. त्याच्या वजनानं खंडेरावांची मान खाली गेली. एक टोमॅटो फुटून नव्या पांढऱ्या सदऱ्यावर ओघळ आला, तरी त्यांनी हार घरापर्यंत काढला नाही. चंद्रभागाबाईंनी दार उघडलं, हार बघितला, ओघळ बघितला.

"पोरगी वाचनी वाटतं," त्या म्हणाल्या.

पुढल्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी कंपनीची गाडी खंडेरावांना न्यायला आली. शेडमध्ये रंगाचा डबा, ब्रश आणि पॉलिश पेपर मांडून ठेवला होता. स्नेहानं आता नियम केला होता. पूजा, रंग, धुणं, सगळं लॉगबुकात लिहायचं, आणि तीन नंबरचा आतला रंग नानांशिवाय कोणी द्यायचा नाही.

खंडेराव खुर्ची घेऊन बसले आणि ब्रश बुडवला. वरून खाली, सरळ हात. रंगवत रंगवत बोल्टांपाशी आले तसा हात आपोआप मंदावला. दोन्ही लख्ख गोलांच्या कडेनं ब्रश फिरला आणि एक थेंबही आत गेला नाही.

शकुबाई मागून डोकावली. "नाना, तिथं ऱ्हायलं की."

"तेवढं राहू दे."

"दिसतं कसं ते?"

"चांगलं दिसतं," खंडेराव म्हणाले.

रंग वाळला, तशी स्नेहा आपल्या खोलीत गेली. भिंतीवरचा इंटरकॉम वाजला. रिटायर होऊन वर्ष होत आलं होतं, पण आवाज ऐकताच खंडेरावांचा हात आधी कमरेच्या पान्ह्याकडे गेला. पान्हा नव्हता. त्यांनी हात सदऱ्याला पुसून फोन घेतला.

"नाना, आहात का?"

 त्यांनी आधी दिव्याकडे बघितलं.

"आहे," ते म्हणाले, आणि पलीकडे तिनं पंप सुरू केला.